मंत्र, वार आणि नियमाची ओळ : डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या मोफत नियमदस्तऐवजाचे परीक्षण

डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रे साकारत, फासे टाकत खेळायचा कथाखेळ ज्या नियमांवर चालतो, त्यांचा मोठा भाग विझार्ड्स ऑफ द कोस्ट ही प्रकाशनसंस्था ‘सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट’ या नावाने मोफत उपलब्ध करून देते. त्याची ५.२ ही आवृत्ती एप्रिल २०२५ मध्ये निघाली आणि २०२४ साली सुधारून आलेल्या ‘प्लेयर्स हँडबुक’मधील नियम तिच्यात उतरले आहेत. अचलपूर तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयात जो गट हा खेळ खेळतो, त्याने आधीची ५.१ आवृत्ती बाजूला ठेवून हीच स्वीकारली आहे. पात्रे कशी घडवावीत, खजिना किती द्यावा, राक्षस कोणते निवडावेत, या भागांना मी येथे हात लावणार नाही. लढाई पेटलेली असताना मंत्र आणि वार यांच्या नियमांचा निवाडा या दस्तऐवजाच्या आधारे करता येतो का, एवढाच प्रश्न मी हाती घेतला आहे.

हा प्रश्न आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. पंधरा-वीस वर्षे हा खेळ खेळलेला एखादा जाणता माणूस मोठ्या शहरात सहज सापडतो आणि नियमावर अडले की त्याला विचारता येते. आमच्या पंचक्रोशीत तसा कोणी नाही. डीएमची, म्हणजे खेळ चालवणाऱ्याची, जबाबदारी माध्यमिक शाळेतील एका सरांकडे आहे, आणि तेही आमच्याबरोबरच हा खेळ शिकले. त्यामुळे वाद झाला की शेवटचा शब्द कागदाचाच असतो. सातबाऱ्यावर जी नोंद आहे तीच धरायची आणि जी नाही ती धरायची नाही, तसे आम्ही हे नियम वाचतो. असे वाचन सोसण्याची ताकद ज्या नियमपुस्तिकेत असते तीच आमच्यासारख्या गटाच्या उपयोगाची, आणि या कसोटीवर ५.२ आवृत्ती बहुतांशी उतरते, असे माझे मत आहे.

या खेळाची पहिली आवृत्ती १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढली. तो युद्धखेळांतून जन्माला आला असल्यामुळे लढाईचे नियम आरंभापासूनच त्याचा कणा राहिले आहेत. आजच्या नियमांत मात्र मंत्र आणि वार यांच्याविषयीच्या बहुतेक सगळ्या शंका एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतात: फासा कोण टाकतो? मारणारा टाकत असेल तर तो ‘अटॅक रोल’. वीस बाजूंच्या फाशावर आलेल्या आकड्यात त्याच्या क्षमतेचा आणि प्रावीण्याचा अंक मिळवायचा आणि समोरच्याच्या ‘आर्मर क्लास’शी, म्हणजे वार लागण्यासाठी गाठायच्या त्याच्या बचावाच्या आकड्याशी, ताडून पाहायचा. ज्याच्यावर संकट आले तो टाकत असेल तर तो ‘सेव्हिंग थ्रो’. त्यासाठी गाठायचा आकडा आठ, प्रावीण्याचा अंक आणि मंत्र टाकणाऱ्याच्या क्षमतेचा अंक यांची बेरीज करून मिळतो. पाचव्या पातळीवरच्या, बुद्धिमत्ता १८ असलेल्या विझार्डचा, म्हणजे जादूगाराचा, मंत्राचा वार अधिक सात इतका असतो, आणि त्याच्या मंत्रातून वाचण्यासाठी समोरच्याला १५ गाठावे लागतात. अंक तेच असले, तरी कोणता नियम कोठे लागू होतो हे सगळे या एका भेदावर ठरते.

हा भेद पटावर किती खोलवर जातो ते सांगतो. शत्रू पाच फुटांच्या आत उभा असेल, तो आपल्याला पाहू शकत असेल आणि निकामी झालेला नसेल, तर दुरून मारायच्या वारावर ‘डिसॲडव्हान्टेज’ येतो, म्हणजे दोन फासे टाकून त्यातला लहान आकडा धरावा लागतो. हा नियम धनुष्यबाणाचा आहे असे नव्या खेळाडूला वाटते. परंतु ‘फायर बोल्ट’ हा आगीचा मंत्रही अटॅक रोल मागणारा दूरचा वार असल्यामुळे तो त्यालाही तितकाच लागू पडतो. याउलट क्लेरिकचा, म्हणजे देवाच्या शक्तीने मंत्र टाकणाऱ्याचा, ‘सेक्रेड फ्लेम’ सेव्हिंग थ्रो मागतो. त्यामुळे शत्रू नाकासमोर उभा असला तरी तो मंत्र अडखळत नाही, आणि या मंत्राच्या वर्णनात तसे वेगळे लिहिले असल्यामुळे दगडाच्या अर्ध्या किंवा पाऊण आडोशाचा लाभही शत्रूला त्याविरुद्ध मिळत नाही. फाशावर नैसर्गिक वीस आले की दुखापतीचे फासे दुप्पट होतात, पण ते केवळ अटॅक रोलवर. ‘होल्ड पर्सन’ने जागीच खिळलेल्या शत्रूला पाच फुटांच्या आतून तलवार लागली तर तो घाव आपोआप दुप्पट फाशांचा होतो, त्याच शत्रूवर ‘फायरबॉल’ हा आगीच्या गोळ्याचा मंत्र पडला तर त्याचा चपळाईचा सेव्हिंग थ्रो आपोआप फसतो, दुखापत मात्र दुप्पट होत नाही. आमच्या गटातील बी.एस्सी. करणाऱ्या मुलीने हा फरक एकदा समजून घेतला आणि तेव्हापासून ती कोणताही नवा मंत्र वाचताना सर्वांत आधी फासा कोणाच्या हातात आहे तेवढेच पाहते. नव्या खेळाडूंना मीही हीच सवय लावतो.

‘हल्ला’ कशाला म्हणायचे याविषयी ५.१ आवृत्तीतही एक सरळ वाक्य होते: अटॅक रोल टाकत असाल तर तो हल्ला. अडचण अशी होती की इतर नियम त्या व्याख्येला पुरेसे जुळवून घेत नव्हते. अदृश्य होण्याचा मंत्र जुन्या आवृत्तीत हल्ला केल्यावर किंवा मंत्र टाकल्यावर संपत असे. मग अदृश्य माणसाने तटावरून शिळा ढकलून दिली तर काय? अटॅक रोल त्याने टाकलेला नाही आणि मंत्रही टाकलेला नाही. तेव्हा ओळ शब्दशः वाचली तर खाली माणसे चिरडूनही तो अदृश्यच राहतो. नव्या आवृत्तीत अटॅक रोल टाकल्यावर, दुखापत केल्यावर किंवा मंत्र टाकल्यावर तो प्रभाव संपतो असे स्पष्ट लिहिले आहे. ‘दुखापत केल्यावर’ या दोन शब्दांनी शिळेचा वाद मिटवला. सुधारणा अशीच असावी.

आमची सध्याची कथा गाविलगडावर बेतलेल्या एका किल्ल्यात चालू आहे. बाहेरचा कोट आणि आतला कोट अशी त्याची रचना आम्ही खऱ्या किल्ल्यावरूनच घेतली. चिखलदऱ्याला जाऊन तो सगळ्यांनी पाहिलेला असल्यामुळे भिंत कोठे वळते हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. वाचनालयाच्या शहाबादी फरशीचा एक चौकोन म्हणजे पाच फूट असे आम्ही धरतो, भिंती खडूने आखतो आणि गॉब्लिन नावाच्या खुज्या शत्रूंच्या जागी तुरीचे दाणे मांडतो. शत्रूच्या जादूगाराने आतल्या दरवाज्याच्या तोंडाशी ‘फायरबॉल’ फोडला, तेव्हा कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्या काकांचे पात्र दरवाज्यालगतच्या भिंतीआड उभे होते.

“मी तं भितीच्या मांगं आहो जी, मले आग कशी लागन?” काकांनी विचारले.

“काका, नुसतं मांगं असून नाही चालत. गोळा फुटला तिथून सुतळी धरून पाहा,” ती मुलगी म्हणाली, आणि चार फरश्या लांबीची सुतळी तिने स्फोटाच्या जागेवर बोटाने दाबून धरली.

चार फरश्या म्हणजे वीस फूट. ‘फायरबॉल’ची त्रिज्या तेवढीच आहे. सुतळी काकांच्या चौकोनापर्यंत लांबीने पोहोचत होती, पण कोठूनही ताणली तरी मध्ये भिंत येत होती. ५.२ च्या शब्दावलीत ‘एरिया ऑफ इफेक्ट’ या नोंदीखाली लिहिले आहे की स्फोटाच्या मूळ बिंदूपासून एखाद्या जागेकडे जाणाऱ्या सगळ्या सरळ रेषा अडल्या असतील तर ती जागा प्रभावक्षेत्रात धरायची नाही, आणि रेषा अडवण्यासाठी आडोसा संपूर्ण असावा लागतो. काका फासा न टाकताच वाचले. जुन्या आवृत्तीत निकाल उलटा लागला असता, कारण तेथे ‘फायरबॉल’च्या वर्णनात ही आग कोपऱ्याला वळसा घालून पसरते असे एक स्वतंत्र वाक्य होते आणि विशिष्ट नियम सामान्य नियमावर मात करतो. ते वाक्य नव्या वर्णनातून गेले आहे. ज्यांनी जुनी आवृत्ती तोंडपाठ केली आहे त्यांनी हा बदल मुद्दाम ध्यानात घ्यावा, कारण मंत्राचे नाव, त्रिज्या, आठ सहाबाजू फासे आणि दीडशे फुटांचा पल्ला हे सगळे जसेच्या तसे असल्यामुळे बाकीचेही तसेच असेल, असे गृहीत धरले जाते.

याच नोंदीत आणखी एक उपयुक्त तरतूद आहे. न दिसणाऱ्या जागी स्फोट घडवायचा प्रयत्न केला आणि वाटेत भिंत असली, तर स्फोट भिंतीच्या अलीकडेच होतो. बाहेरच्या कोटात उभे राहून आतल्या कोटात आंधळेपणाने आग फेकण्याचा बेत त्यामुळे स्वतःच्याच सैन्यावर उलटतो. अर्धा आडोसा असेल तर आर्मर क्लास आणि चपळाईचा सेव्हिंग थ्रो या दोहोंत दोन मिळतात, पाऊण आडोशाचे पाच मिळतात. परंतु हा आडोसा जादूगार कोठे उभा आहे त्यावरून मोजायचा नसून परिणाम जेथून निघतो तेथून मोजायचा असतो. खांबाच्या आड लपून जादूगारापासून बचाव होतो, खांबाच्या आपल्या बाजूला फुटलेल्या गोळ्यापासून होत नाही. सुतळी आणि खडू एवढ्या साहित्यात हे सगळे नियम तपासता येतात, ही या लिखाणाची मला सर्वांत आवडलेली बाजू आहे.

एका पाळीत किती मंत्र टाकता येतात हा जुना तंटा होता. ५.१ मध्ये बोनस ॲक्शन, म्हणजे पाळीतील जादा छोटी कृती, वापरून मंत्र टाकला की त्याच पाळीत दुसरा मंत्र केवळ एका ॲक्शनचा, म्हणजे मुख्य कृतीचा, कॅन्ट्रिप (कितीही वेळा टाकता येणारा साधा मंत्र) असू शकत होता. मात्र बोनस ॲक्शन न वापरता दोन मोठे मंत्र टाकण्याची वाट एखाद्या योद्धा-जादूगाराला मोकळी राहत असे. नवा नियम एका वाक्यात मावतो: एका पाळीत मंत्रासाठी एकच स्पेल स्लॉट, म्हणजे मोठे मंत्र टाकण्याच्या मर्यादित साठ्यातील एक वाटा, खर्च करता येतो. ‘हीलिंग वर्ड’ने साथीदाराला उठवून नंतर ‘सेक्रेड फ्लेम’ टाकता येतो, कारण कॅन्ट्रिपला स्लॉट लागत नाही. ‘हीलिंग वर्ड’ आणि ‘फायरबॉल’ एकाच पाळीत बसत नाहीत. खेळाडूने पाठ करावा इतका हा नियम सुटसुटीत आहे.

तरीही दुसऱ्याचा मंत्र मोडणाऱ्या ‘काउंटरस्पेल’शी त्याची गाठ पडली की बारकाईने वाचावे लागते. पूर्वी तिसऱ्या किंवा त्याखालच्या पातळीचा मंत्र ‘काउंटरस्पेल’ आपोआप मोडत असे. आता मंत्र टाकणाऱ्याला काटकपणाचा सेव्हिंग थ्रो मिळतो. तो फसला तर मंत्र विरतो, ॲक्शन वाया जाते, पण तो स्लॉट खर्च झाला असे धरले जात नाही. यातून आमच्या पटावर प्रश्न उभा राहिला की ‘फायरबॉल’ असा मोडला गेल्यावर त्याच पाळीत बोनस ॲक्शन वापरून स्लॉटचा दुसरा मंत्र टाकता येईल का. आमच्या सरांनी येईल असा निर्णय दिला. बंधन खर्च झालेल्या स्लॉटवर आहे, आणि येथे तो खर्च झालेलाच नाही, हा त्यांचा तर्क मला पूर्णपणे पटतो. दस्तऐवजात हे उदाहरण देऊन सांगितलेले नाही. एवढ्या मोठ्या बदलाबरोबर दोन ओळींचे स्पष्टीकरण देणे प्रकाशकांना जड नव्हते.

‘शील्ड’ (ढाल) या मंत्राच्या वेळेबाबतही मला तक्रार आहे. अटॅक रोल लागल्यावर, किंवा ‘मॅजिक मिसाइल’ या मंत्राने लक्ष्य केल्यावर, रिॲक्शन म्हणून, म्हणजे तत्काळ प्रत्युत्तर म्हणून, तो टाकायचा; आर्मर क्लास पाचने वाढतो आणि ज्या वारामुळे तो टाकला त्यालाही ही वाढ लागू होते. जादूगाराचा आर्मर क्लास १३ असेल आणि गॉब्लिनची बेरीज १७ झाली असेल तर ढाल त्याला वाचवते, १८ झाली असेल तर वाचवत नाही, कारण बरोबरी झाली तरी वार लागतोच. मग वार लागला एवढेच डीएमने सांगायचे, की बेरीजही सांगायची? नियम गप्प आहे. बेरीज झाकली तर खेळाडू अंदाजाने स्लॉट पणाला लावतो, उघड केली तर तो मंत्र कधीच वाया जात नाही. म्हणजे एकाच मंत्राची किंमत दोन गटांत वेगवेगळी ठरते. आमच्याकडे सगळे फासे फरशीवर उघड पडतात, म्हणून आम्ही बेरीज सांगतो. नैसर्गिक वीस पडले असेल तर तो वार आर्मर क्लास न पाहता लागतो हेही खेळाडूला त्यामुळे दिसते आणि त्या घावासाठी तो स्लॉट घालवत नाही. ‘फायरबॉल’विरुद्ध मात्र ‘शील्ड’चा काडीचाही उपयोग नाही, तेथे अटॅक रोलच नसतो.

कॉन्सन्ट्रेशनचा, म्हणजे चालू मंत्र टिकवण्यासाठी धरायच्या एकाग्रतेचा, नियम जवळजवळ जुनाच आहे: दुखापत झाली की काटकपणाच्या सेव्हिंग थ्रोमध्ये दहा किंवा झालेल्या दुखापतीच्या निम्मे, यांपैकी जो आकडा मोठा तो गाठायचा, आणि आता त्याला तीसची कमाल मर्यादा घातली आहे. राखून ठेवलेल्या मंत्रासाठीही कॉन्सन्ट्रेशन लागते. त्यामुळे दरवाजा उघडण्याची वाट पाहत मंत्र रोखून धरणाऱ्या जादूगाराला बाण लागला आणि तो सेव्हिंग थ्रो फसला तर स्लॉट आणि मंत्र दोन्ही हातचे जातात. शत्रू आपल्या टप्प्यातून निसटत असताना संधी साधून करायच्या वाराचा नियमही स्वच्छ आहे. ‘मिस्टी स्टेप’ने नाहीसे होऊन दुसरीकडे प्रकटणाऱ्यावर आणि धक्क्याने फेकल्या गेलेल्यावर असा वार करता येत नाही.

सर्वांत कच्चा भाग लपण्याचा. शत्रूच्या नजरेआड असून शिवाय दाट अंधारात किंवा किमान पाऊण आडोशामागे असताना चपळाईच्या तपासणीत १५ गाठले की पात्राला ‘इनव्हिजिबल’ ही अवस्था मिळते, आणि कुजबुजीपेक्षा मोठा आवाज केला, अटॅक रोल टाकला, उच्चार करावा लागणारा मंत्र टाकला किंवा शत्रूने शोधून काढले की ती जाते. पण शोधून काढणे म्हणजे नेमके काय? लपलेला माणूस आडोसा सोडून भर चौकात चालत आला तर केवळ दिसल्याने तो सापडला, की शत्रूने तपासणी करून त्याला शोधायला हवे? शब्दशः वाचणाऱ्याला दोन्ही अर्थ सापडतात. शिवाय झुडपाआड दबून बसलेला आणि मंत्राने अदृश्य झालेला यांना एकच अवस्था दिल्यामुळे, अदृश्य वस्तू पाहण्याचा मंत्र टाकणाऱ्याला झुडपाआडचा माणूसही दिसायला हवा, असा विचित्र निष्कर्ष निघतो. बाकी सगळीकडे काटेकोर असलेल्या लिखाणात ही ढिलाई खटकते. आमच्या गटाने स्पष्ट दृष्टिरेषेत आलेला माणूस सापडला असेच धरायचे, असा स्वतःचा नियम लिहून वाचनालयाच्या फलकावर लावला आहे.

वापराच्या दृष्टीने सांगायचे तर पीडीएफ एकदा उतरवून घेतली की इंटरनेट लागत नाही. भारनियमनाच्या संध्याकाळी मोबाइलवर शोधशब्द टाकून नियम काढता येतो, ही आमच्यासाठी मोठी सोय आहे. नियमांची शब्दावली अकारविल्हे लावलेली असून एका नोंदीतून दुसरीकडे जाण्याचे निर्देश दिले आहेत. त्यामुळे जुन्या आवृत्तीत लढाई, मंत्र आणि परिशिष्ट अशी जी धावपळ करावी लागत असे ती पुष्कळ वाचली. तरीही शब्दावली आणि मंत्रांचे भाग परतवाड्याला नेऊन छापून, बांधून घ्यावेत. वाद चालू असताना सहा डोकी एका मोबाइलवर वाकण्यापेक्षा मध्ये ठेवलेला कागद बरा पडतो.

भाषा इंग्रजीच आहे, आणि दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलांना आडोशाच्या किंवा प्रभावक्षेत्राच्या नोंदी पहिल्या वाचनात उलगडत नाहीत. मात्र हा दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश परवान्याखाली आहे. जानेवारी २०२३ मध्ये परवान्यातील प्रस्तावित बदलांवरून खेळाडूंनी मोठा निषेध केल्यानंतर ५.१ आवृत्ती या परवान्याखाली आली, आणि ५.२ ही तशीच दिली गेली. मूळ स्रोताचा उल्लेख ठेवून कोणीही तिचे मराठी रूप करू शकतो, छापू शकतो, वाटू शकतो. आमच्या गटाने आडोसा, कॉन्सन्ट्रेशन आणि प्रभावक्षेत्र या नोंदी मराठीत उतरवून नव्या मुलांना दिल्या आहेत आणि त्यांचा उपयोग होतो आहे.

ज्यांच्याकडे २०१४ चे, म्हणजे ५.१ च्या नियमांचे, पुस्तक आहे आणि ज्यांनी ही नवी आवृत्ती उतरवून घेतली आहे असे खेळाडू एका पटावर बसणार असतील, तर कोणती आवृत्ती चालेल हे पहिला फासा पडण्यापूर्वी डीएमने सांगून टाकावे. ‘काउंटरस्पेल’, ‘फायरबॉल’ आणि एका पाळीतील स्लॉट या तिन्हींत निकाल बदलतात, आणि अर्ध्या लढाईत कळले की दोघे दोन वेगळ्या नियमांवर खेळत होते, तर ती लढाई पुन्हा मांडण्यावाचून गत्यंतर राहत नाही.